डेस्कटॉप कुठला टाकू?

"जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय. डेस्कटॉप कुठला घेऊ आणि तो बसवायचा कसा?" नात्यातले, सोसायटीतले, लेकीच्या कॉलेजातले, सगळे हेच विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी अलीकडचा लागतो. पुण्यात चालती वस्तू भंगारात द्यायची पद्धत नाही, त्यामुळे कपाटांवरचे लॅपटॉप खाली उतरले आणि माझा फोन वाजायला लागला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

थोडक्यात हवं असेल तर: लिनक्स मिंट (लिनक्सचा एक तयार संच) घ्या, त्याची सिनॅमन डेस्कटॉपवाली आवृत्ती टाका. रॅम चार जीबी किंवा त्याहून कमी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. डेस्कटॉप वेगळा बसवायच्या फंदात पडू नका. घाई असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

विंडोजवाल्याला हा प्रश्न कधी पडलेला नसतो, कारण तिथे निवड नसते. लिनक्स म्हणजे खरं तर आतला गाभा. स्क्रीनवर दिसणारं सगळं, म्हणजे खालची पट्टी, मेन्यू, खिडक्यांच्या कडा, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, हा 'डेस्कटॉप' नावाचा वेगळा संच असतो आणि तो करणारी मंडळीही वेगळी. १९९६ मध्ये जर्मनीतल्या माथियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीई सुरू केलं. ते क्यूटी नावाच्या टूलकिटवर (बटणं, मेन्यू बनवायच्या तयार सामानावर) उभं होतं, आणि क्यूटीचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. हे न पटलेल्यांनी १९९७ मध्ये ग्नोम काढलं. २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने ओळखीची पट्टी आणि मेन्यू काढून टाकले, तेव्हा चिडलेल्यांपैकी काहींनी जुनं ग्नोम 'माटे' या नावाने चालू ठेवलं, आणि मिंटवाल्यांनी सिनॅमन उभं केलं. यातल्या बहुतेक डेस्कटॉपांच्या मुळाशी असं एखादं भांडण आहे, आणि त्यावरून त्याचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो.

ग्नोमला नीटनेटकेपणाचा सोस आहे. तुम्हाला काय लागणार हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. बिनसेटिंगचं राहायला ज्यांना आवडतं त्यांना ते फार आवडतं. पण तीस वर्षं खालच्या पट्टीवर क्लिक केलेल्या माणसाला मिनिमाइजचं बटणच सापडत नाही, कारण मूळ ग्नोममध्ये ते दिसत नाही. (उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये दिसतं, तिथे ग्नोमला थोडं माणसाळवलं आहे.) केडीई प्लाझ्मा याच्या अगदी उलट, तिथे सगळंच बदलता येतं. कॉलेजच्या मुलांना ते जरूर द्या. ज्यांना एक पर्याय दिला तरी "मग दुसरा का नको?" असा प्रश्न पडतो त्यांना देऊ नका. एक्सएफसीई दिसायला जुनं, पण हलकं आणि सरळ. माझ्या मते त्याच्याइतकं कमी त्रास देणारं दुसरं काही नाही.

वजनाबद्दल लोक फार विचारतात. डेस्कटॉपाडेस्कटॉपात काहीशे एमबीचा फरक पडतो हे खरं, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की तो फरक कुठल्या कुठे जातो. लॅपटॉपात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी तपकीर गल्लीत किंवा जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन साधी एसएसडी बसवून घ्या. तिने जेवढा फरक पडतो तेवढा कुठलाही हलका डेस्कटॉप टाकून पडत नाही.

निवड स्क्रीनशॉट बघून करू नका. एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) टाका, मग त्यावर मिंट, कुबुंटू (केडीईवालं उबुंटू), उबुंटू अशा दोन-चार लिनक्सच्या आयएसओ फाइली, म्हणजे डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलच्या फाइली, नुसत्या कॉपी केल्या की झालं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की जे दिसतं ते 'लाइव्ह' असतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. तासभर तिथेच नेहमीची कामं करून बघा. वाय-फाय मिळतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का. वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या नेटवर ड्रायव्हर उतरवा. ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय कार्डांना हे बऱ्याचदा करावं लागतं.

डेबियन हे आणखी एक लिनक्स टाकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण शेजारपाजारची इंजिनिअरिंगची मुलं मिंट टाकायला कमीपणा मानतात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपची यादी येते. मुलगा बाणाने एक्सएफसीईवर जातो आणि एंटर दाबतो. तिथे खूण होते स्पेसबारने. एंटर दाबलं की गाडी सरळ पुढे जाते आणि आधीपासून खूण असलेला ग्नोम येऊन बसतो. मग "काकू, मी तर एक्सएफसीई निवडलं होतं." सगळ्या खुणा काढल्या असतील तर नुसती काळी स्क्रीन आणि लॉगिनची ओळ येते. दोन्हीवर उपाय एकच: रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन टास्कसेल ही आज्ञा द्या, तीच यादी पुन्हा येते. या वेळी स्पेसबार.

असलेल्या डेस्कटॉपशेजारी दुसरा बसवता येतो का? येतो, आणि काम टर्मिनलात (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) द्यायच्या एका आज्ञेचं आहे: सुडो एपीटी इन्स्टॉल, पुढे पॅकेजचं नाव, उदाहरणार्थ उबुंटूवर कुबुंटू-डेस्कटॉप. मध्येच एक रंगीत चौकट येऊन लॉगिनची स्क्रीन कोण सांभाळणार ते विचारते. तिथे माउस चालत नाही. टॅबने 'ओके'वर जायचं आणि एंटर. पुढच्या वेळी लॉगिन करताना नावापाशी किंवा कोपऱ्यात बारीक चिन्ह असतं, त्यात कुठल्या डेस्कटॉपात जायचं ते निवडायचं. इतकं सोपं आहे म्हणूनच लोक फसतात. एकाच घरात दोन सासवा आणाव्यात तसं होतं: फाइल मॅनेजर दोन, टर्मिनल दोन, सेटिंग्ज दोन, आणि एकीने लावलेली थीम दुसरीला खपत नाही. नंतर ते मुख्य पॅकेज काढलं तरी त्याच्यासोबत आलेला गोतावळा सगळा जाईलच असं नाही. हौसच असेल तर आधी टाइमशिफ्ट या सॉफ्टवेअरने सिस्टिमचा स्नॅपशॉट (मागे फिरता येईल अशी नोंद) घ्या आणि नवा डेस्कटॉप वेगळं यूजर खातं काढून त्यात वापरा. प्रत्येक खात्याच्या सेटिंग्ज वेगळ्या राहतात, त्यामुळे तुमचं रोजचं खातं विसकटत नाही.

सेटिंग्जचं म्हणाल तर वॉलपेपर आणि आयकॉन यांत लोक दोन-दोन रविवार घालवतात, आणि अक्षरं बारीक ती बारीकच. पहिल्या दिवशी अक्षरांचा आकार वाढवा. मिंटमध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग आहे, ते १.२ केलं की साठीपुढच्या डोळ्यांना आराम पडतो. टचपॅडला टॅप करून क्लिक होतं का ते बघा. आणि मग मराठी.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर उत्तम, नसेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उच्चारानुसार टाइप करायची सोय मिळते. मी इनस्क्रिप्टच शिकायला सांगते. 'दुसऱ्या' लिहिताना तो ऱ्या कसा काढायचा हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं: शिफ्ट धरून जे, मग डी, मग वाय नव्हे तर स्लॅशचं बटण, मग ई. ळ हवा असेल तर शिफ्ट धरून एन. फॉन्ट आवडला नाही तर लोहित देवनागरी बघा. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी तो बरीच वर्षं सांभाळला आहे. मेन्यू मात्र सुरुवातीला इंग्रजीतच ठेवा. भाषांतर काही ठिकाणी अर्धंच असतं, आणि अडल्यावर नेटवर शोधायला इंग्रजी नावंच लागतात.

एक्सएफसीईमध्ये खेळता खेळता खालची पट्टी गायब झाली तर फॉरमॅट करू नका. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. त्यात 'डॉट कॉन्फिग' असतो, त्याच्या आत एक्सएफसीईचा फोल्डर. लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलात शिरा, त्या फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा नेहमीसारखं लॉगिन करा. पट्टी मूळ जागी येते, तुमच्या फाइली होत्या तिथेच असतात.

एवढं करूनही अडलंत तर खुशाल फोन करा. फक्त रॅम किती, प्रोसेसर कुठला, लिनक्स कुठलं आणि स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय त्याचा फोटो, एवढं आधी पाठवा. "काहीतरी एरर आला, मी ओके केलं" यावरून मला काही सांगता येत नाही.