गप्पी हे आडनाव आहे

हिवताप विभागात माझी सगळी नोकरी गेली. घरोघरी साठवलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या शोधणारा कंटेनर सर्व्हे, काचपट्टीवर रक्तनमुने, हत्तीरोगासाठी रात्रीची रक्त तपासणी, आणि गप्पी मासे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या विहिरी, सोनेगावकडची डबकी, नाग नदीला मिळणाऱ्या नाल्या, सगळीकडे आम्ही बादलीतून गप्पी नेऊन सोडले. एकदा एका वाड्यातल्या आजीनं विचारलं होतं, "काय टाकता जी विहिरीत?" मी म्हटलं, "गप्पी मासे, आजी. डासाच्या अळ्या खातात." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नाव त्यांना ओळखीचं वाटलं असावं. शाळेत माहिती द्यायला गेलो की पोट्टे हमखास विचारायचे, हे मासे गप्पा मारतात का म्हणून.

हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की तो कुठून आला, हे आमच्या विभागातही कोणी विचारत नाही. गप्पी हे एका इंग्रज माणसाचं आडनाव आहे, आणि ते इंग्लंडातही थोड्याच भागात सापडतं. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा मी या आडनावाचा माग काढायला बसलो आणि त्यात पुरता गुंतलो. ज्या नावाच्या भरवशावर एवढी वर्षं काम केलं, त्याचं घर कुठे आहे हे आपल्याला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. तिच्या पश्चिम टोकाला, लाइम रीजिस आणि चारमथ या किनाऱ्यावरच्या गावांच्या मागे, वुटन फिट्झपेन नावाचं खेडं आहे. त्या खेड्याच्या शिवारात गप्पी नावाची जागा आहे, आपल्या भंडाऱ्याकडे ज्या छोट्या वस्तीला टोली म्हणतात तेवढीशी. गुप्पा नावाच्या कोण्या जुन्या सॅक्सन माणसानं कुंपण घातलेलं आवार, असा त्या नावाचा उलगडा स्थळनामांचे अभ्यासक करतात. त्या जागेवरून आडनाव आलं. म्हणून गप्पी आडनावाची माणसं मुख्यतः डॉर्सेटमध्ये, तिथून शेजारच्या सॉमरसेटमध्ये, आणि पुढे पोटापाण्यासाठी ब्रिस्टल नि लंडनकडे गेलेली दिसतात. इंग्लंडच्या उत्तरेत हे नाव विचारलं तर लोक आडनाव म्हणून ओळखणारही नाहीत.

हे मला समजायला जड गेलं नाही, कारण मी स्वतः पौनीकर. आमचे पूर्वज कोष्टी, वैनगंगेकाठच्या पवनीहून कधीतरी हातमाग घेऊन नागपूरला आले आणि तांडापेठेत राहिले. पवनीत राहिले असते तर त्यांना पौनीकर कोणी म्हटलं असतं? गाव सोडल्यावरच गावाचं नाव चिकटतं. गप्पीचंही तेच झालं असणार. त्या टोलीतला माणूस दोन-तीन गावं ओलांडून चारमथच्या बाजूला राहायला गेला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला 'गप्पीवाला' म्हणून ओळखायला सुरुवात केली.

इंग्लंडात हे सगळं तपासता येतं, ही मोठी गोष्ट आहे. तिथे १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम झाला. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. आणि ३ एप्रिल १८८१ च्या रात्रीची जनगणना घरटी, माणूसटी पूर्ण उतरवून काढलेली आहे, त्यामुळे आडनावांचे नकाशे बहुतेक तिच्यावरूनच काढतात. रेल्वे आली होती, तरी बहुसंख्य लोक अजून आजोबांच्या गावाच्या आसपासच होते. नकाशावर एखादं आडनाव एकाच कोपऱ्यात दाट दिसलं की त्याचं मूळ तिथेच कुठेतरी आहे असं समजायचं. डेंग्यूच्या साथीत आम्ही वस्तीच्या नकाशावर रुग्णांची घरं मांडून पैदासीची जागा शोधायचो, त्याच रीतीचं हे काम आहे.

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. इंग्लंडातली आडनावं कुठे दाट आणि कुठे विरळ, याचा पहिला व्यवस्थित अभ्यास ज्या माणसानं केला, त्याचंच आडनाव गप्पी होतं. हेन्री ब्रूअम गप्पी. जन्म १८५४, कॉर्नवॉलमधल्या फालमथचा. पेशानं आरमारातला डॉक्टर. 'लार्क' नावाच्या जहाजावर असताना त्यानं सॉलोमन बेटांवर प्रवाळाच्या खडकांचा अभ्यास केला. पुढे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर झाडं कशी पोहोचली, कोणतं बी समुद्राच्या पाण्यात किती काळ तगतं, प्रवाह ते कुठे नेऊन टाकतो, यावर त्यानं आयुष्याचा मोठा काळ घालवला. आणि या दोन कामांच्या मधे, १८९० मध्ये, त्यानं ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ घरांवर जाडजूड पुस्तक लिहिलं.

त्याची पद्धत मला फार आवडली. त्यानं सगळी माणसं मोजली नाहीत, काउंटीवार छापल्या जाणाऱ्या डिरेक्टऱ्यांतून फक्त शेतकरी घेतले. कारण सरळ होतं. कारखानदार हलतो, नोकरदार हलतो, मजूर हलतो, शेतकरी मात्र जमीन सोडून जात नाही. मग दर दहा हजार शेतकऱ्यांमागे कोणतं आडनाव किती, हे काउंटीप्रमाणे मांडलं. देशभर पसरलेली नावं एका टोकाला आणि एकाच काउंटीत अडकलेली नावं दुसऱ्या टोकाला, अशा पायऱ्या केल्या. त्या काळात संगणक नव्हता. याद्या, पेन्सिल आणि डोळे, एवढ्यावर हे झालं. ज्यानं घरभेटींचे रजिस्टर भरले आहेत त्यालाच कळेल की हे काम किती चिवटपणाचं आहे. बियांचा प्रवास आणि आडनावांचा प्रवास एकाच माणसानं अभ्यासावा, यात मला तरी योगायोग वाटत नाही. कोण कुठून निघालं आणि कुठे रुजलं, हाच त्याचा आयुष्यभराचा प्रश्न होता.

ब्रिस्टलच्या गप्पींबद्दलही सांगायला पाहिजे. तिथल्या व्यापारी सॅम्युएल गप्पीची बायको सारा. तिनं १८११ मध्ये पुलाच्या पायात खांब रोवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बाईच्या नावावर पेटंट ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तिचा मुलगा थॉमस रिचर्ड गप्पी हा प्रसिद्ध इंजिनिअर ब्रुनेल याचा सहकारी. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या उभारणीत तो होता, आणि १८४३ मध्ये ब्रिस्टलच्या गोदीत पाण्यात उतरलेल्या 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी आगबोटीच्या कामातही होता. सारा माहेरची बीच. लग्नानं आलेलं आडनाव तिनं पेटंटच्या कागदावर नेलं.

आणि आता आपला माणूस, ज्याचं आडनाव माशाला मिळालं. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी. जन्म १८३६, लंडनचा. बालपण इंग्लंडात आजोळच्या माणसांत गेलं. तरुणपणी न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर त्याचं जहाज फुटलं आणि तो काही काळ माओरी लोकांत राहिला. नंतर आई-वडील होते त्या त्रिनिदाद बेटावर गेला आणि तिथलाच झाला. नोकरी शाळा तपासणीची. पुढे तो तिथला मुख्य शाळा निरीक्षक झाला. पण जीव जडला होता तो जीवाश्मांवर. त्रिनिदादच्या खडकांतल्या शंख-शिंपल्यांवर त्यानं शोधनिबंध लिहिले. गंमत बघा, ज्या डॉर्सेटच्या टोकावरून त्याचं आडनाव निघालं, तो लाइम रीजिसचा किनारा जीवाश्मांसाठीच जगात प्रसिद्ध आहे. जीवाश्म शोधणारी प्रसिद्ध मेरी ॲनिंग तिथलीच.

१८६६ मध्ये लेचमियर गप्पीनं त्रिनिदादच्या ओढ्यातले काही छोटे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या आल्बर्ट ग्युंटरनं ते नवी जात समजून पाठवणाऱ्याच्या मानार्थ नाव दिलं, गिरार्डिनस गप्पिआय. नंतर लक्षात आलं की विल्हेल्म पीटर्सनं १८५९ मध्येच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून या माशाचं वर्णन केलेलं आहे. शास्त्राचा नियम असा की आधीचं नाव टिकतं. म्हणून आज हा मासा शास्त्रीय भाषेत पोएसिलिया रेटिक्युलाटा आहे, आणि त्या नावात गप्पी कुठेच नाही. पण तोवर ते नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं. शास्त्रानं काढून टाकलं, लोकांनी ठेवलं.

वेस्ट इंडिजमध्ये याला 'मिलियन्स' म्हणत, कारण तो लाखोंनी दिसतो. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते, आणि साधारण महिन्याला एक वेत होतं. पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः खातं. हौद जरा नीट ठेवला तर आमच्या पैदास केंद्रात मासे कमी पडायचे नाहीत, सोडायला माणसं कमी पडायची. दुसरं म्हणजे हा घाण पाणी सोसतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास नालीच्या गढूळ पाण्यातच वाढतो, आणि तिथे दुसरे नाजूक मासे टिकत नाहीत. नागपूरच्या कूलरचा प्रश्न मात्र गप्पीनं सुटत नाही. तिथे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करणं हाच इलाज, आणि हे मी अजून भेटेल त्याला सांगतो.

लेचमियर गप्पीच्या मनात डास नव्हतेच. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात डॉक्टर रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिला, म्हणजे मासे लंडनला पोहोचल्यावर एकतीस वर्षांनी. नवीन काही दिसलं की ते जाणकाराकडे पाठवायचं, एवढाच त्या शाळा निरीक्षकाचा हेतू होता. १९१६ साली तो वारला. त्याचं नाव जगभरच्या विहिरींत जाईल हे त्याला कुठून माहीत असणार?

आडनावं मरतात कशी, याचंही गणित त्याच काळात मांडलं गेलं. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं जाहीर प्रश्न टाकला की पिढ्यानपिढ्या घराणी नावासकट का संपतात, आणि पाद्री असलेल्या हेन्री वॉटसन या गणितज्ञानं त्यावर काम केलं. प्रत्येक पुरुषाला किती मुलगे होतील हे नशिबावर सोडलं, तर थोड्याच घरांत असलेलं आडनाव काही पिढ्यांत निव्वळ योगानं संपू शकतं. कोणाची चूक नाही, रोग नाही, दुष्काळ नाही, नुसत्या मुलीच झाल्या एवढंच. हेच गणित आज साथीची साखळी आपोआप तुटेल की वाढेल हे पाहायला वापरतात. एका वस्तीत दोन रुग्ण सापडून साथ तिथेच विझायची आणि शेजारच्या वस्तीत पेटायची, हे आम्ही कागदावर गणित न करता बघितलं आहे. एका टोलीवरून निघालेलं गप्पी आडनाव इतक्या शतकांत टिकलं, याचं म्हणूनच मला अप्रूप वाटतं. माशाच्या अंगावर चढून तर ते आता सुरक्षितच झालं.

हे सगळं वाचताना आपल्याकडचं डोळ्यांसमोर येत राहिलं. विदर्भात असा नकाशा किती छान होईल! आडनावाच्या शेवटी 'वार' आलं, उत्तरवार, चिंतलवार, पद्मावार, की आपण लगेच चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बघतो, कारण तेलुगू मुलूख तिथून लागूनच आहे. गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंत पराते, हेडाऊ, निमजे, धकाते, नंदनवार अशी आमची कोष्ट्यांची आडनावं ओळीनं लागतात. आपल्याकडे आडनावातून जात विचारली जाते, म्हणून कित्येकांनी ती बदलली, आणि त्यांनी ते योग्यच केलं असं माझं मत आहे. म्हणूनच असा नकाशा गावांचा आणि वाटांचा असावा, माणसाला खणात टाकणारा नसावा. कोण कुठून आलं, कोणत्या धंद्याबरोबर आलं, कोणत्या नदीकाठानं आलं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

विद्यापीठातल्या भूगोलाच्या किंवा मराठीच्या कोणी मुलामुलींनी हे काम हाती घेतलं, तर मी बरोबर फिरायला तयार आहे. हेन्री गप्पीसारखी सुरुवात शेतकऱ्यांपासून करावी, म्हणजे आधी भंडारा आणि पवनी भागातली गावं, मग शहर. उत्तर नागपुरातल्या कोणत्या गल्लीत कोणती आडनावं आणि ती कुठून आली असं घरचे सांगायचे, ते मला अजून तोंडपाठ आहे. पावसाळा संपल्यावर निघू, ऑक्टोबरात. तोवर डासही कमी झालेले असतात.