आमची वाटचाल : पाणी सपाट, रस्ता नाही

आम्ही दोघं भाऊ. धाकट्याचा हात अवजारांवर, माझा हिशेबावर. लोकांना सायकलवरून तळ्याला एक फेरी घडवून आणायची, हा धंदा कागदावर इतका सोपा दिसला की आम्ही एकदम सहा सायकली घेतल्या. जुन्या, शर्यतीच्या, बारीक टायरच्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या, हे आता कबूल करायला हरकत नाही. जाहिरातीत लिहिलं, ‘सपाट रस्ता, कुणालाही जमेल’.

रस्ता सपाट आहे असं आम्हाला खरंच वाटत होतं. त्या रस्त्यानं आम्ही शेकडो वेळा गेलो होतो, पण गाडीनं. गाडीत बसलेल्याला चढ कळत नाही, आणि डावीउजवीकडे सतत पाणी दिसत असलं की मन परस्पर ठरवून टाकतं, आपण पाण्याच्या पातळीवरच आहोत.

प्रत्यक्षात डोंगराच्या सोंडा थेट तळ्यात उतरलेल्या असतात. रस्ता एका सोंडेवर चढतो, पलीकडे उतरतो, ओढ्यावरच्या मोरीपर्यंत आत जातो आणि मोरी ओलांडली रे ओलांडली की पुढची सोंड उभी. एकेक चढ पन्नास-साठ मीटर उंचीचा. असे दहा-बारा झाले की एका चांगल्या घाटाएवढी चढाई होते. शिवाय घाटाला निदान माथा असतो, तिथे पोचलं की सुटलो म्हणता येतं. इथे तेही नाही. पहिल्या गटातल्या सहांपैकी चौघे तिसऱ्या सोंडेवर उतरून सायकल ढकलत होते. त्यातल्या एका काकांनी घाम पुसत अगदी शांतपणे विचारलं, “तो सपाट रस्ता कुठून सुरू होतो?” संध्याकाळी सगळ्यांचे पैसे परत केले.

मी धंदा बंद करायच्या गोष्टी बोलू लागलो होतो. धाकट्यानं शेडच्या भिंतीवर खडूनं आकडे मांडले आणि म्हणाला, “दादा, माणसं कच्ची नाहीत. गिअर चुकीचे आहेत.” त्या सायकलींना पुढे लहानातली लहान चकती ३९ दातांची आणि मागे मोठ्यात मोठी २५ दातांची. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला चाक दीड फेऱ्याहून जास्त फिरणार. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पाय मिनिटाला ६० फेरे मारत ठेवायचे तर वेग ताशी १२ किमीच्या आसपास ठेवावाच लागतो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, चढ ८ टक्के धरा, तर सव्वादोनशे वॅटहून जास्त ताकद लागते. सराव नसलेल्या माणसाकडून शे-सव्वाशे वॅट बराच वेळ निघतात, त्याच्या दुप्पट मागितले की छाती भरून येते. पुढे ३४ आणि मागेही ३४ दात लावले, तर तोच चढ मिनिटाला तेवढेच फेरे मारत ताशी साडेसात किमीनं होतो आणि काम दीडशे वॅटच्या आसपास भागतं. पाच-सहा मिनिटं तेवढं कुणीही काढतं.

सहाही सायकलींचे गिअर बदलले. त्याच वेळी २३ मिमीचे टायर काढून जिथे फ्रेममध्ये जागा होती तिथे २८ चे घातले, नंतरच्या सायकली ३२ च्या घेतल्या. टायर टणक फुगवला की सायकल जोरात पळते हा समज आमचाही होता. तो गुळगुळीत ट्रॅकवर ठीक आहे. खडबडीत डांबरावर टणक चाक प्रत्येक खड्यावर उडतं, आणि त्या उड्यांत आपलीच ताकद वाया जाते, मनगटं दुखतात ते वेगळंच.

तरीही मागची मोठी चकती बघून काही जणांचा अहंकार दुखावतो. त्यांना धाकटा सांगतो की टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीतही १९३७ पर्यंत डिरेल्युर गिअरला, म्हणजे चालवता चालवता चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी नव्हती, मर्दानं एकाच गिअरवर डोंगर चढावा असं तेव्हाच्या आयोजकांनाही वाटायचं. आता तिथल्या विजेत्याला विचारून बघा गिअर नकोत का. मी माझ्या परीनं इटलीतल्या कोमो तळ्याचं उदाहरण देतो. त्याच्या वरच्या डोंगरात, ७५४ मीटर उंचीवर, गिझालोचं छोटं चर्च आहे. १९४९ मध्ये पोपनं तिथल्या मेरीमातेला सायकलस्वारांची संरक्षक जाहीर केलं. तळ्याकाठून तिथे पोचायचं तर पाचशे मीटरहून जास्त चढावं लागतं. तळं आणि चढ ही जोडी आम्ही लावलेली नाही.

जाहिरातीतलं ‘सपाट’ काढलं. जागी लिहिलं, ‘दहा चढ, दहा उतार’. आश्चर्य म्हणजे चौकशा वाढल्या.

उताराचा धडा मात्र महाग पडला असता. फेरीच्या मध्यावर एक फाटा खिंडीत जातो, तळ्यापासून साधारण ३०० मीटर वर. तिथून उतरताना एकानं भीतीपोटी ब्रेक सतत धरून ठेवला. ८५ किलो वजन ३०० मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती पाऊण लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी असते. थोडी वाऱ्यात जाते. ब्रेक सोडलाच नाही तर उरलेली सगळी रिममध्ये. ट्यूब फुटली, गडी झुडपात. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण त्या रात्री मी झोपलो नाही. आता पहिल्याच छोट्या उतारावर सगळ्यांना थांबवून शिकवतो: वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट, मग सोडा, वळणात धरू नका. नवीन सायकली डिस्क ब्रेकच्या आहेत, तरी हा तास चुकवत नाही.

दुसऱ्या वर्षी धंदा जोरात चालला आणि तिथेच आम्ही घसरलो. वीस-पंचवीस जणांचे गट, हँडलला स्पीकर, आरडाओरडा. एका सकाळी पलीकडच्या काठावर राहणारे एक वयस्क गृहस्थ शेडमध्ये आले. पक्षी बघत बसणारे. भांडले नाहीत. आमच्या एका ग्राहकानं त्या दिवशी पहाटे चालवताना सांगितलेला विनोद त्यांनी मला शब्दशः ऐकवला, शेवटच्या ओळीसकट, आणि म्हणाले, “मला तो आवडला नाही.”

मला आधी वाटलं कुणीतरी त्यांना सांगितला असेल. तसं नव्हतं. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची त्या मानानं उबदार. गार हवेत आवाज हळू जातो, उबदार हवेत वेगानं, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा पाण्याकडे येतो. तळ्याच्या चिंचोळ्या भागात एका काठावरचं बोलणं दुसऱ्या काठावर अंगणात बोलल्यासारखं ऐकू येतं. म्हणजे दोन वर्षं आम्ही शांतता विकत होतो आणि रोज पहाटे स्वतःच ती मोडत होतो.

आठ माणसं, त्याच्या वर नाही, हे तेव्हा ठरलं. स्पीकर बंद. मोठ्या गटांना नाही म्हणताना पहिले काही महिने माझ्या पोटात गोळा यायचा, हिशेब माझ्याकडे असल्यामुळे जास्तच. त्या काळात दुरुस्तीच्या कामानं आम्हाला तारलं, आणि धाकट्यानं मला ते कधी बोलून दाखवलं नाही.

सायकलही शांत हवी, हे खूळ त्याचं. कुरकुरणारी सायकल म्हणजे कुठेतरी काहीतरी झिजतंय, असं तो म्हणतो. नव्या चेनच्या २४ कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरतात. त्यात इंचाचा सोळावा भाग वाढला की तो चेन बदलतो. माझ्या मते ती अजून चालली असती. पण ताणलेली चेन दाते खाते आणि मागच्या दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, चेनपेक्षा कितीतरी महाग, या गणिताला माझ्याकडे उत्तर नाही. उतारावर फ्रीव्हीलची, म्हणजे पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागाची, टिकटिक कमी व्हावी म्हणून त्यानं एकदा आत जाड ग्रीस भरलं. टिकटिक गेली, आणि थंडीत आतले खटकेच चिकटून पॅडल रिकामं फिरायला लागलं. तो विषय आम्ही काढत नाही.

निघायची वेळ उजाडता उजाडता. ऊन वर आलं की काठावरची जमीन पाण्याआधी तापते, पाण्यावरून वारा सुटतो आणि सोंडेला वळसा घातला की थेट तोंडावर येतो. फेरी कुठल्या अंगानं करायची तेही ठरलेलं: जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे तळं डाव्या हाताला ठेवून. मग पूर्ण वेळ आपण पाण्याच्या बाजूला असतो, थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. वेगाचा आग्रह तर कुणालाच करत नाही. ताशी २० चा २५ करायचा म्हटला तर एकट्या हवेशी झगडायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते, आणि तेवढं करून वाचणार काय, तर अर्धा तासही नाही.

गेल्या हंगामात दोन बॅटरीच्या सायकली आल्या. माझा विरोध होता. अनेक देशांत असते तशीच यांची मर्यादा, मोटर २५० वॅटची आणि ताशी २५ किमीनंतर मदत बंद. पहिल्याच आठवड्यात गुडघ्यांची तक्रार असलेल्या एक आजी त्यावर खिंडीत पोचल्या आणि साध्या सायकलवरच्या आजोबांची वाट बघत कठड्यावर बसून राहिल्या. तो चेहरा बघून माझा विरोध निम्मा गळाला. उरलेला निम्मा मोटरच्या बारीक घरघरीला आहे. चढावर ती येतेच, आणि पहाटेच्या वेळी पलीकडे नक्की ऐकू जात असणार. धाकटा म्हणतो, आणखी दोन घेऊ. पक्षीवाल्या गृहस्थांना विचारून ये, मग बघू, असं मी म्हटलंय. अजून तो गेलेला नाही.