तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरात कोणता साबण?

इंदूरच्या सियागंज बाजारात एका स्टॉकिस्टकडे, म्हणजे कंपन्यांचा माल दुकानांना पुरवणाऱ्याकडे, मी छत्तीस वर्षं काढली. साबण, शाम्पू, बिस्किटं, धुण्याची पावडर. रामबागेपासून सुदामानगरापर्यंतची किराणा दुकानं माझ्या फिरतीत. त्यामुळे इंदुरात कुठल्याही लग्नाच्या पंगतीला बसलो, की वरणभात संपायच्या आत शेजारचा विचारतोच, "काका, तुम्हाला आतलं सगळं ठाऊक. तुमच्या घरी कोणता साबण?"

आतलं कसलं हो! सगळं वेष्टनावरच असतं, फक्त मागच्या बाजूला आणि मुंगीच्या अक्षरात. अंगाच्या साबणावर टीएफएम छापतात, म्हणजे तेल-चरबीपासून आलेला खरा ऐवज किती. ७६ टक्के असेल तर ग्रेड १, ७० ला ग्रेड २, ६० ला ग्रेड ३. त्याखालच्या वडीला 'टॉयलेट सोप' म्हणता येत नाही, ती 'बाथिंग बार' होते. तिला ४० टक्केही पुरतात. बाथिंग बार वाईटच असतो असं नाही, काही चांगले सौम्य असतात. पण गंमत बघा, गिऱ्हाइकाला 'बाथिंग बार' हेच नाव जास्त उंची वाटतं.

माल कुणासाठी हे आधी ठरतं, मग किंमत आणि सगळ्यात शेवटी कौतुक. मी लागलो तेव्हा निरमाचा जोर होता. करसनभाई पटेलांनी १९६९ साली अहमदाबादेत सायकलवरून विकायला काढलेली पावडर, सर्फच्या मानाने कितीतरी स्वस्त. हिंदुस्थान लिव्हरने सर्फचा भाव पाडला नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीत ललिताजी नावाच्या गृहिणी आणल्या, त्यांनी स्वस्त आणि चांगलं यातला फरक देशाला ठणकावून सांगितला. आणि स्वस्तवाल्या गिऱ्हाइकासाठी त्याच कंपनीने व्हील काढलं! एका तोंडाने स्वस्ताईला नावं ठेवायची, दुसऱ्या हाताने तीच विकायची. मला यात लबाडी नाही, अक्कल दिसते.

शाम्पूचं तर उलटंच. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना मी दुकानातच हिशेब करून दाखवला. दोन रुपयांचं पाऊच सहा मिलीचं. तीस पाऊच म्हणजे १८० मिली, साठ रुपये. तोच शाम्पू, तेवढीच बाटली, एमआरपी याच्या दुपटीहून जास्त. वहिनींनी बाटली हातात फिरवली, माळेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुणे आले म्हणजे न्हाणीघरात पाऊच बरे दिसतील का?" कंपनीला हेच तर माहीत असतं. पाऊच घेणारी बाई रुपया मोजते, दुसऱ्या माळेत आठाण्याचा फायदा दिसला की निघाली. म्हणून खरी चुरस तिथे. बाटली घेणारी मोजत नाही, तिच्याकडून वसूल करतात.

पाच रुपयांचा बिस्किटपुडा हा तर माझा जुना दुखरा दात. नाणं एकच, तेव्हा किंमत वाढवता येत नाही; मग वजन उतरतं. एकदा एका कंपनीची पेटी आली, पुड्यावर 'नवीन' असा पिवळा तारा. नवीन एवढंच की आतला ट्रे खोल झाला होता आणि बिस्किटं दोन कमी. रामबागेतल्या दुकानदाराने पुडा कानाशी धरून हलवला. "भिया, पुडा वोही है, माल किधर गया?" मी काय सांगणार? महिनाअखेर होती, टार्गेट बाकी होतं. "नया पॅकिंग है" म्हणून पाच पेट्या गळ्यात मारल्याच. आता पुड्यावर ग्रॅममागे भाव छापावा लागतो. तो वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तर साबण. सध्याचा मोगऱ्याच्या वासाचा आहे, ग्रेड ३. सूनबाईंनी नाही, मीच आणलाय.