जस्त्या, मी आणि बाईंची खिडकी

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिही असा मेसेज आला तेव्हा म्हटलं मी काय लिहिणार, दहावीला सायन्समध्ये माझे मार्क किती ते शाळेच्या रजिस्टरात आहेतच, उगाच कशाला उकरून काढता. पण मग प्रयोगशाळेची ती खिडकी आठवली.

१९९१-९२ साल असेल. आपली शाळा समुद्राला एवढी लागून की खिडकीचे गज खाऊन खाऊन काडीएवढे झालेले, बाकांचे पाय, घंटेची साखळी, सायकली, सगळ्यांवर तांबूस चट्टे. बाई म्हणायच्या, "तुम्हांला गंज शिकवायला पुस्तक कशाला रे, खारा वारा फुकट आहे." अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे कुठला धातू किती लवकर झिजतो त्याची उतरंड, आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो, पोटॅशियम सोडियम कॅल्शियम मॅग्नेशियम ॲल्युमिनियम जस्त लोखंड, पार खाली चांदी सोनं. पाठ होती, कळलं ढिम्म नव्हतं.

मग एकदा बाईंनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या आणल्या आणि आम्हांला समुद्राचं पाणी आणायला पिटाळलं. दोन नवे खिळे. एकाला तांब्याची तार घट्ट गुंडाळली, दुसऱ्याला जस्ताची पट्टी. जस्त कुठून, तर टॉर्चच्या संपलेल्या सेलचं बाहेरचं डबडं कापून, त्यातली ती काळी भुकटी झाडताना माझा गणवेष जो काय झाला त्यावरून घरी आईने माझी जी पूजा केली ते वेगळंच. बरण्या खिडकीत ठेवल्या आणि गणपतीची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर बघतो तर तांब्यावाल्या बरणीतलं पाणी भगवं, खिळ्यावर गंजाची पुटं. दुसरा खिळा मात्र जवळजवळ होता तसा, आणि त्याची जस्ताची पट्टी खडबडीत होऊन तिच्यावर पांढरी पूड. बाई म्हणाल्या, "श्रेणीत जो वरचा तो आधी झिजतो. छडीची वेळ आली की तुमच्यातला एकजण आपणहून हात पुढे करतो ना, तसं." सगळा वर्ग मागच्या बाकाकडे वळला. चूक कोणाचीही असो, छडी खाणारा एकच होता. तो त्या दिवसापासून जस्त्या. माझ्या फोनमध्ये अजून याच नावाने सेव्ह आहे.

त्याच तासाला बाईंनी छपराच्या पत्र्याचा कापलेला तुकडा दाखवला होता, कापलेल्या कडेला लोखंड उघडं असूनही गंज नाही, कारण बाजूचं जस्त त्याच्यासाठी झिजतंय. आणि बिस्किटाचा जुना डबा, त्याच्यावर कथिल. कथिल श्रेणीत लोखंडाच्या खाली बसतं, त्यामुळे ओरखडा पडला की लोखंडच आधी खाल्लं जातं, डब्यावर पडलेले ते ठिपके. पितळेच्या टोपाला कल्हईवाला कथिलच लावायचा, पण तिथे प्रश्न आमटी कळकण्याचा, आणि कथिल तिथे चालून जातं.

हे सगळं मी विसरलो आणि त्याची किंमत मोजली. आयटीआय करून गोव्यात बार्ज, म्हंजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी, दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात लागलो. लोखंडी बार्ज, मागे ब्राँझचा पंखा, ब्राँझ म्हणजे बहुतेक तांबंच, सगळं खाऱ्या पाण्यात, म्हंजे बाईंची पहिली बरणीच. म्हणून पंख्याच्या आसपास बुडाला झिंकचे, म्हणजे जस्ताचेच, ठोकळे लावतात. पहिल्याच वर्षी मला बुडाला रंग मारायला सांगितलं, मी ठोकळ्यांवर पण मस्त दोन हात मारले, उघडे का ठेवायचे, वाईट दिसतात. पुढच्या खेपेला बार्ज वर घेतली तेव्हा झिंक कोरं करकरीत आणि पंख्याजवळच्या प्लेटींना खड्डे, काही ठिकाणी बोटाचं टोक जाईल एवढे. पाण्याला लागल्याशिवाय जस्त झिजणार कसं! फोरमन नुसता माझ्याकडे बघत राहिला, नंतर म्हणाला, "हें कितें केलां रे तुवें?"

तशी ही युक्ती लई जुनी. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हींनी ब्रिटिश नौदलाच्या तांबं ठोकलेल्या जहाजांसाठी सुचवली होती. तांबं वाचलं, पण ते विरघळायचं थांबल्यावर बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचं रान माजलं. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, डेव्हींचं पण फसलं होतं म्हणून.

गेल्या वर्षी जस्त्याला घेऊन बाईंच्या घरी गेलो. मुद्दाम एक वापरलेला झिंकचा ठोकळा नेला होता, वाळवी लागलेल्या लाकडासारखा झालेला, म्हटलं बाई खूश होतील. बाईंनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला.

"लावायच्या आधी वजन केलं होतंस?"

"नाही बाई."

"मग किती झिजलं ते कसं सांगणार?" चष्म्यावरून तीच नजर, आणि माझी मान खाली.

जस्त्या लगेच म्हणाला, "बाई, मीच याला सांगायला विसरलो."