एक जूनवाले

केज तालुक्यात सर्व्हेचं काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, यादीतलं घर शोधणं अवघड जाईल. घरं सापडली. घाम काढला तो घरातला माणूस ठरवण्यानं.

घरटी एकच जण, वय १८ च्या पुढं. तो आम्ही निवडायचा नाही आणि घरच्यांनीही नाही. सरावात आधी सोपी पद्धत दिली होती: ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडं झाला, त्याला प्रश्न विचारायचे. महिना जुलैचा. पहिल्याच घरी आजोबांनी आधार कार्ड पुढं केलं, एक जून. थोरला मुलगा एक जून, मधलाही एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख! काकू शाळेतच गेल्या नव्हत्या, त्यांच्या कार्डावर नुसतं साल. माझ्या वडिलांचाही वाढदिवस एक जूनच, त्यामुळं हसायची सोय नव्हती.

मग आमच्या हाती किशचा तक्ता आला. लेस्ली किश यांनी १९४९ साली मांडलेली ही पद्धत. एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची यादी करायची. आधी पुरुष, वयानं मोठ्यापासून लहानापर्यंत, मग बायका त्याच क्रमानं. फॉर्म नंबरचा शेवटचा आकडा आणि माणसांची संख्या जिथं जुळतील, त्या चौकोनात जो क्रमांक छापलाय तो माणूस.

एका घरी सहाजण निघाले. सासरा, दोन मुलं, सासू, दोन सुना. आता वय कुणाला पक्कं माहीत? किल्लारीचा भूकंप धरून विचारलं. थोरली म्हणाली, "भूकंपात मी आईच्या पोटात होते म्हणं." धाकटी तेव्हा चालायला लागली होती, असं सासूनंच सांगितलं. म्हणजे धाकटी जाऊ वयानं मोठी. मी तिला पाचवी लिहिलं तशा सासूबाई, म्हणजे आमच्या मावशी, उसळल्या, "थोरलीचं आधी लिवा की, ती मोठी हाय!" म्हटलं, मावशी, इथं नातं नाही, वय चालतं. तक्त्यावर बोट फिरवलं. पाच!

पाच नंबर सोयाबीनच्या खुरपणीला गेलेला.

"तिला काय कळतंय? मला इचारा, मी घरीच हाय की," मावशी म्हणाल्या. चहा झाला होता, फॉर्म अर्ध्या तासाचा होता आणि पुढचं गाव लांब होतं. खोटं कशाला बोलू, पेन उघडलं होतं. पण सकाळी अकराला घरी कोण सापडतं? प्रत्येक घरी असंच केलं तर तो ओसरीवर बसलेल्यांचा सर्व्हे होणार. शिवाय सहातून एक निवडली म्हणजे हिशेबात तिच्या उत्तराला सहापट वजन. एकटं राहणाऱ्याचं एकपटच. ते सहापट वजन मी भलत्याच माणसाच्या हातात देणार होतो.

संध्याकाळी परत गेलो. ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली, हातपाय धुऊन उंबऱ्याशी बसली. घरातला पैसा कुठं खर्चायचा हे कोण ठरवतं, असा प्रश्न होता. आतून मावशींचं उत्तर आलं, "समदे मिळून." ती गप्प. मी मावशींकडं पाणी मागितलं. माठ मागच्या पडवीत होता. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आता लिवा." काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही, तसं तिला कबूल केलंय.

दिवाळीनंतरच्या फेरीत वेगळंच. गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडले होते, निम्म्या घरांना कुलूप. सहा महिन्यांच्या आत परतणारा माणूस घरातलाच धरायचा हा नियम, म्हणून ऊसतोडीला गेलेल्यांची नावं यादीत येत. एका घरी तक्त्यानं नेमका मुलगा निवडला. तो बायकोसह कारखान्यावर. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, मधेच कसा येणार? मागं म्हातारा आणि दोन नातवंडं. "त्याचं मीच सांगतो की," म्हातारा म्हणाला. बदली चालत नव्हती. तीन चकरा मारून फॉर्मवर 'भेट झाली नाही' लिहिलं.

निघताना तो म्हणाला, "पाडव्याला या, तवर येतेत लेकरं."

आमचं काम फेब्रुवारीत बंद होणार होतं.