आजीच्या उपकारस्तुतीला कोणतं वचन घ्यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. आजीची पंचाहत्तरी किंवा ऐंशी आली की घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा ठरते, आणि नातवंडांपैकी एकजण हमखास विचारतो: ख्रिस्ती स्त्री कशी असावी हे आम्ही आजीकडे बघून शिकलो, तेच सांगायचंय, वाचू काय आणि बोलू काय?

बहुतेक जण डोळे झाकून बायबलमधलं नीतिसूत्रे 31 उघडतात. सद्गुणी स्त्रीची स्तुती करणारा हा भाग सुंदरच आहे, पण वाचन 10 व्या वचनापासून सुरू होतं आणि पहिलं वचन राहून जातं. तिथे स्पष्ट लिहिलंय, की ही लमुएल राजाच्या आईने त्याला दिलेली शिकवण. म्हणजे हा अध्याय आईने मुलाच्या हाती दिलाय, सुनांना मोजायची पट्टी म्हणून नाही. आपल्याकडे सभा बिघडते ती इथेच. वक्ता एकेक गुण वाचतो, समोरच्या लेकी-सुनांकडे बघून ‘अशा व्हा’ म्हणतो आणि आजीचं कौतुक बाजूलाच राहतं. यहूदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथाच्या जेवणाआधी, नवरा हेच काव्य बायकोसमोर गातो. त्यात उपदेश नसतो, नुसती स्तुती असते.

10 व्या वचनात आपण ‘सद्गुणी’ वाचतो तिथे मूळ हिब्रूत ‘खईल’ आहे. त्याचा अर्थ बळ, पराक्रम. देवदूत गिदोनाला बलवान वीर म्हणतो त्यातही हाच शब्द, आणि बवाज रूथला सद्गुणी म्हणतो तिथेही हाच. हिब्रूची अक्षरं 22, 10 ते 31 ही वचनंही 22, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं. पाठ करायला सोपं. वेळ कमी असेल तर 19 आणि 20 ही दोनच वचनं घ्या. 19 मध्ये तिचे हात चातीकडे जातात आणि तळवे चरकी धरतात. 20 मध्ये क्रम उलटतो: तळवा गरिबापुढे उघडतो आणि हात गरजूकडे जातात. शब्द तेच, हात तेच. सूत कातून दमलेला हातच दारात आलेल्याला देतो. आजीबद्दल बोलायला एवढं पुरे आहे.

पण ‘आजी’ हा शब्दच हवा असेल तर 2 तीमथ्य 1:5. नव्या करारात आजीसाठीचा ग्रीक शब्द या एकाच ठिकाणी येतो. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात आठवण करून देतो, की तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. याला 3:15 जोडून वाचाच, कारण बाळपणापासून त्याला शास्त्र ठाऊक होतं हे तिथे कळतं. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, हे प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये आहे. म्हणजे घरात शास्त्र टिकलं ते या दोघींमुळे.

लोईसबद्दल याहून जास्त काही लिहिलेलं नाही, म्हणून तिच्या जोडीला माक्रीना नावाच्या आजीची गोष्ट सांगा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा ती आणि तिचा नवरा सुमारे सात वर्षं पंत प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) जंगलात लपून राहिले. पुढे नातू बासील मोठा धर्मगुरू झाला, तेव्हा त्याने स्वतः लिहून ठेवलं, की लहानपणी विश्वासाची वचनं आपल्याला या आजीने शिकवली.

आता बोलायचं काय? पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. ‘प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील’ ही विशेषणं गाळा. ती प्रत्येक सभेत ऐकू येतात आणि कुणाच्याही आजीला बसतात. पौल 1 तीमथ्य 5:10 मध्ये साठी उलटलेल्या विधवेची पारख सांगतो, तेव्हा सगळी कामंच मोजतो: मुलं वाढवली का, पाहुण्यांना घरात घेतलं का, पवित्र जनांचे पाय धुतले का, संकटात असलेल्यांना मदत केली का. तसंच एक काम निवडा, आणि तेवढंच नीट सांगा.

ते सापडत नसेल तर आठवडाभर आधी आजीचं बायबल मागून घ्या. कोऱ्या पानांवर बाप्तिस्म्यांच्या आणि मृत्यूंच्या तारखा असतात, पेन्सिलच्या खुणा असतात, एखादं पान बोटं लागून लागून मऊ झालेलं असतं. ज्या वचनाखाली रेघ आहे ती कधी ओढली, हे तिलाच विचारा. सभेत वाचायचं वचन बहुधा तिथेच मिळतं, आणि मग वरचं सगळं बाजूला ठेवलंत तरी चालेल. मात्र तिची एखादी जुनी दुखरी गोष्ट त्यातून निघाली, तर तिला विचारल्याशिवाय मंडळीसमोर काढू नका.

गीत तिच्या आवडीचं घ्या, पट्टी तिच्या गळ्याला झेपेल अशी. तिची खुर्ची पेटीच्या शेजारी नको, ऐकू कमी येत असेल तर बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. आणि शेवटची प्रार्थना पाळकांना आधी सांगून तिच्याकडे द्या. तिला उठवू नका, माइक खाली आणा. ती सगळ्यांची नावं घेत बसली आणि वेळ लागला, तर लागू दे. जेवण थोडं उशिरा वाढा.