आईसाठी ओम्नीत केलेला बर्फाचा कूलर: माझा अनुभव

आईचं हृदय अशक्त झाल्याचं कळलं, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आम्ही पेडण्याहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातो. अंतर जेमतेम ४० किलोमीटर. पण म्हापसा, गिरी, पर्वरी करत जायचं, त्यात पर्वरीत उड्डाणपुलाचं काम, म्हणजे दीड तास धरूनच चालायचं. गाडी जुनी मारुती ओम्नी, एसी नसलेली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, त्यामुळे वरून पत्रा तापतो आणि खालून इंजिन. एप्रिल-मे महिन्यात आई घामाने भिजून, धापा टाकत उतरायची. तिला पाणीही मोजून प्यायला सांगितलंय. घरून निघताना ती एका बाटलीवर खूण करून घेते आणि दिवसभर तेवढंच पाणी पुरवते. उन्हात घसा सुकलेल्या माणसाला "आता पुरे" म्हणणं माझ्याच्याने होत नव्हतं.

एसी बसवायची चौकशी केली होती. ७९६ सीसीच्या इंजिनावर कंप्रेसरचा बोजा टाकला तर बांबोळीचा चढ गाडी रडत चढेल, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. खर्चही गाडीच्या किमतीच्या मानाने फार होता. गाडी बदलणं तेव्हा शक्य नव्हतं.

वाट दाखवली ती भाच्याने. तो बारामतीला विमान चालवायला शिकत होता. सुट्टीत आला असताना त्याने सांगितलं की ते शिकतात त्या छोट्या विमानांनाही एसी नसतो. सगळीकडून काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, आत दोन माणसं, आणि उन्हात उभं विमान. इंजिन सुरू होईपर्यंत दार हाताने उघडं धरून बसतात. परदेशात स्वतःची छोटी विमानं असलेले लोक यावर घरच्या घरी तोड काढतात: एका बर्फाच्या पेटीत पंप, तो गार पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरवतो आणि रेडिएटरमागचा पंखा गार हवा तोंडावर सोडतो. कंप्रेसर नाही, इंजिनावर भार नाही, थंडीच्या दिवसांत पेटी उचलून घरी ठेवायची. "मामा, तुझ्या ओम्नीचं दुखणं आणि त्यांचं दुखणं एकच आहे बघ," तो म्हणाला.

मात्र एक फरक त्याने तेव्हाच दाखवून दिला. विमान वर चढलं की दर हजार फुटांना साधारण दोन अंश तापमान उतरतं. म्हणजे त्यांची पेटी धावपट्टीपर्यंत जाऊन थोडं वर चढेस्तोवर, वीसेक मिनिटं चालली तरी भागतं. आमची ओम्नी दीड तास जमिनीवरच राहणार.

मी आधी सोपा प्रकार करून बघितला. मासळीची थर्माकोलची पेटी, झाकणाला भोक पाडून पंखा, बाजूला पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे. आत बर्फ. पंख्याची हवा बर्फावरून फिरते आणि एल्बोतून बाहेर येते. अंगणात छान गार लागलं. रस्त्यावर कोलवाळच्या पुलापर्यंत बर्फ अर्धा वितळला, गचक्याला पाणी उसळून एल्बोतून आईच्या मांडीवर आलं, आणि पुढच्या काचेवर दव धरलं. आई काही बोलली नाही, पदराने पाणी टिपत राहिली. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे उष्म्याइतकाच दमटपणा जाच करतो. नागपूरला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो, कारण तिथे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. गोव्यात मे महिन्यात हवेत आधीच इतकी वाफ असते की ओल्या ताटीने फार तर पाच-सहा अंश मिळतील, आणि तीही हवा चिंब. माझ्या थर्माकोलच्या पेटीत हवा वितळत्या बर्फाला आणि पाण्याला घासून जात होती, त्यामुळे बाहेर येणारी हवा गार पण पूर्ण ओली होती. पाणी आणि हवा यांची गाठच पडता कामा नये. पाणी नळीत, हवा नळीबाहेर. रेडिएटर लागतो तो एवढ्यासाठी.

मग हिशेब केला, कारण किती बर्फ लागेल हे कळल्याशिवाय पेटी किती मोठी घ्यायची ते ठरत नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. १२ किलो बर्फ दीड तासात वितळला तर सरासरी ७४० वॉट थंडावा मिळतो, पुढे तेच पाणी तापताना आणखी थोडा. आपण घरच्या एसीला 'एक टन' म्हणतो तो हिशेबही बर्फाचाच आहे: अमेरिकन एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खेचायची ताकद. ती होते साधारण ३.५ किलोवॉट. म्हणजे माझी पेटी एक टनाच्या एसीचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्यावर उन्हात तापलेली अख्खी ओम्नी गार होणार नाही, हे आकड्यांनीच सांगितलं. म्हणून ठरवलं, गाडीचा नाद सोडायचा आणि फक्त आई बसते तेवढी जागा गार करायची.

मधल्या सीटच्या पुढे मी जाड कापडाचा पडदा लावला, मागेही लावला. छताला आतून फॉइल लावलेला फोम चिकटवला. पूर्ण कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी हाच फोम ठरला. पूर्वी छताला हात लावला की चटका बसायचा, आता कोमट लागतं. पुढे मी काच उघडी ठेवून गाडी चालवतो. मला गरम होतं, त्याचं काही नाही.

आता पेटी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कडक प्लास्टिकची, दुहेरी भिंतीची २५ लिटरची आइसबॉक्स मिळाली. मोडीत निघालेल्या मारुती ८०० चा हीटर भंगारवाल्याकडे मिळाला. त्यातला छोटा रेडिएटर, ज्याला गॅरेजवाले हीटर कॉइल म्हणतात, तो मला हवा होता. तांब्याचा निघाला, नशीब. त्याच गाडीचा ब्लोअर घेतला. पंप १२ व्होल्टचा, पाण्यात बुडवून ठेवायचा. कॉइल आणि ब्लोअर बसवायला प्लायवूडचा एक खोका केला आणि सांधे फोमच्या पट्टीने बंद केले, नाहीतर हवा कॉइलमधून जायचं सोडून फटीतून पळते. खोक्याच्या तळाला उतार देऊन एक बारीक नळी काढली, तिचं कारण पुढे येईल. ब्लोअरने बाहेरची हवा न ओढता पडद्याच्या आतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढावी अशी मांडणी केली. बाजूची काच मात्र दोन बोटं उघडी असते.

पंपाने फार छळलं. सुरू केला की घरघरायचा, पण नळीत पाणी चढायचं नाही. नळीत हवा अडकली होती. तळाला आधी तीन-चार लिटर पाणी घालायचं, पंप पूर्ण बुडाला पाहिजे, आणि कॉइलच्या वरच्या तोंडातून हवा निघेपर्यंत नळी हलवत राहायची, हे समजायला अख्खा रविवार गेला. परत येणारं पाणी एका टोकाला बर्फाच्या माथ्यावर सोडायचं आणि पंप विरुद्ध टोकाला तळाशी ठेवायचा. म्हणजे कोमट पाणी बर्फ धूत धूत खाली येतं आणि गार होऊनच पुढे जातं.

बर्फ मी शापोरा जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून आणतो. मासळीसाठी लाद्या करतात, त्यातला तुकडा फोडून घ्यायचा. पहिल्या वेळी गिरीला पोचेपर्यंत वारा गरम झाला. पेटी उघडली तर बर्फ तसाच, पंप बंद. पंपाच्या तोंडाशी भुसा गच्च बसला होता, लादी ज्यात झाकून ठेवतात तोच. रस्त्याच्या कडेला उभा राहून नखाने काढला. तेव्हापासून लादीचा तुकडा आधी बादलीभर पाण्याने धुतो आणि पंप जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून तोंडाला रबर बांधतो. त्यानंतर एकदाही अडला नाही. घरी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दोन लिटरच्या बाटल्याही वापरून पाहिल्या. गचाळपणा नाही, पण बाटलीच्या भिंतीतून थंडावा सावकाश बाहेर येतो. म्हणून आता बहुतेक लादीचा फोडलेला बर्फ आणि सोबत दोन बाटल्या, परतीसाठी राखीव.

आणखी गार करायच्या मोहापायी एकदा आगरवाड्याचं खडेमीठ घातलं. मिठाने पाणी शून्याच्या खाली उतरतं हे खरं. पण मग कॉइलवर जमणारं दव तिथेच गोठलं, पात्यांच्या फटी बर्फाने बुजल्या आणि दहा मिनिटांत वारा बंद पडला. वर मीठ धातूही खातं. साधा बर्फच बरा. आणि कोणी ड्राय आइस सुचवलं तर ऐकू नका. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, हवेत विरताना बंद जागेतला श्वास कोंडवतो. गाडी असो वा विमान, आत माणूस असेल तर तो नकोच.

वायरिंगची चूक माझी होती आणि ती महागात पडली असती. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून बारीक वायर ओढली होती. पर्वरीच्या कोंडीत प्लास्टिकचा वास आला, वायर हाताला गरम लागली. लगेच बंद केलं आणि त्या दिवशी आईला घेऊन तसाच उकाड्यात पुढे गेलो. नंतर थेट बॅटरीवरून जाड वायर घेतली आणि बॅटरीच्या टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज टाकला. ब्लोअर अर्ध्या वेगावर आणि पंप मिळून पाचेक अँपिअर जातात, तेवढं अल्टरनेटरला जड नाही. भाचा म्हणाला, विमानात हेच आधी बघावं लागतं: काही विमानांची वीज १४ व्होल्टची, काहींची २८ व्होल्टची. शिवाय ब्लोअरच्या मोटरमधलं चुंबक होकायंत्राजवळ गेलं तर सुई भलतीकडे वळते. पेटीचं वजनही विमानाच्या हिशेबात धरावं लागतं आणि ती पट्ट्याने जखडावी लागते. हे शेवटचं मी जसंच्या तसं उचललं. बर्फ, पाणी, पेटी मिळून वीस किलोच्या आसपास जातात, आणि आईच्या पायाशी एवढं वजन सुटं ठेवणं मला मंजूर नाही. रॅचेटच्या पट्ट्याने सीटच्या पायांना आवळतो.

फिश टँकला लावतात तसे दोन थर्मामीटर लावून मी मोजलं. बाहेर ३४ अंश असताना पहिला अर्धा तास वाऱ्याच्या तोंडाशी १८ अंश, पुढे २१-२२. आईच्या सीटवर २९. आकडा ऐकून कोणाला फार वाटणार नाही. पण पहिल्यांदा नीट चाललं त्या दिवशी म्हापसा मागे पडल्यावर मी पडद्याआडून विचारलं, तर कोंकणीत म्हणाली, "आता बरें दिसता," म्हणजे आता बरं वाटतंय. बांबोळीला उतरली तेव्हा तिच्या पाठीला पोलकं चिकटलेलं नव्हतं. मी ते दोनदा बघितलं.

२९ अंशांतही बरं का वाटतं, याचं उत्तर त्या खोक्याच्या तळाच्या नळीत आहे. गार कॉइलवर हवेतली वाफ दव होऊन जमते आणि थेंब थेंब नळीतून खालच्या बाटलीत पडते. दीड तासात साधारण ४५० मिलिलिटर. एवढ्या वाफेचं पाणी करायला जवळजवळ ११०० किलोज्यूल लागतात, म्हणजे सव्वातीन किलो बर्फ नुसता हवा सुकवण्यात खर्ची पडतो. सुरुवातीला मला तो वाया गेलेला वाटायचा. आता नाही वाटत. हवा कोरडी झाली की अंगावरचा घाम सुकतो, आणि आईला आराम मिळतो तो त्या सुकण्याने.

परतीला दुपारी एकच्या सुमारास लादीचा बर्फ संपलेला असतो. मग पणजीचा पूल ओलांडला की मालीम जेटीवर वळतो, तिथून ताजा तुकडा घेतो, वितळलेलं पाणी थोडं ओतून देतो आणि पर्वरीचा चढ लागतो. १ जूनपासून मासेमारी बंदी, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात. त्याच सुमारास पाऊस येतो आणि आम्हालाही बर्फ लागत नाही. त्या आठवड्यात मी सगळं पाणी काढतो, पंप पाच मिनिटं गोड्या पाण्यात फिरवतो, नळ्या सुकवतो आणि पेटीचं झाकण उघडं टाकून माळ्यावर ठेवतो. झाकण लावून ठेवली तर पावसाळ्यात आत बुरशी धरते.

कॉइलखालच्या बाटलीचा ताबा मात्र आईने घेतलाय. घरी पोचलो की ती बाटली उजेडात धरून बघते, "आज कमी हां, हवा सुकी होती," असं काहीतरी सांगते, आणि अंगणातल्या अबोलीला घालते.